जिमखान्याच्या कार्यकारिणीत या म्हणतायत. सचिवपद घेऊ का?

समुद्रकाठ (दापोली तालुका)

नमस्कार.

आमच्या गावच्या जिमखान्याचं सचिवपद घ्या, असं सांगायला अध्यक्ष आणि सध्याचे सचिव परवा घरी आले होते. सचिवकाका ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांचा त्रास आहे, आता सोडायचं म्हणतात. "वहिनी, फार काम नाही. वर्षातून दोन-चार मीटिंगा, मे महिन्यात जनरल बॉडी आणि लागतील तेव्हा सह्या." विचार करून सांगते म्हटलंय. मेच्या सभेत ते नाव जाहीर करणार आहेत, म्हणून त्याआधी इथे विचारते आहे.

जिमखाना म्हणजे चिऱ्याचा एक हॉल. वर पत्रे, आत एक बॅडमिंटन कोर्ट, शेजारी कॅरमची खोली आणि मागे सड्यावर कबड्डी-व्हॉलीबॉलचं मैदान. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धे पत्रे उडाले होते. मुंबईकरांनी आणि गाववाल्यांनी वर्गणी काढून ते परत बसवले, त्या कामात आम्ही दोघंही होतो. संस्था नोंदणीकृत आहे असं दारावरच्या पाटीवर रंगवलेलं आहे. एका गोदरेजच्या कपाटात सगळे कागद आहेत म्हणतात. ते कपाट मी उघडं कधी पाहिलेलं नाही.

मला हे पद का घ्यावंसं वाटतं तेही सांगते. माझी मुलगी आठवीत आहे, खेळते. तिच्याबरोबर पाचवी ते आठवीच्या बऱ्याच मुली येतात. नववीत गेली की मुलगी येईनाशी होते, दरवर्षी हेच. अभ्यास वाढतो हे कारण सगळे देतात. मी आयांना घरी जाऊन विचारलं तेव्हा वेगळंच कळलं. हॉलच्या मागच्या संडासाला आतून कडी नाही आणि पाणी बाहेरच्या पिंपातून न्यावं लागतं. संध्याकाळी सहा ते नऊ कोर्ट मोठ्या माणसांचं, त्यामुळे मुलींना एक तर भर दुपारी पत्र्याखाली खेळायचं किंवा नऊनंतर अंधारातून घरी यायचं. कुठली आई पाठवील? कडी, नळ, दोन दिवे आणि आठवड्यातून तीन दिवस सहा ते साडेसात मुलींसाठी कोर्ट. मला एवढंच करायचं आहे. हे मी सभासद म्हणून दोनदा लेखी दिलं, उत्तर आलं नाही. सचिव झाले तर निदान विषयपत्रिकेवर येईल.

अडचण वेळेची आहे. आमचा कर्दे-मुरुडच्या बाजूला होमस्टे आहे. मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरचे शेवटचे दिवस मला जेवायला फुरसत नसते, आणि जनरल बॉडी नेमकी मेमध्ये, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात. माझा मोकळा वेळ पावसाळ्यात. तेव्हा जिमखाना जवळजवळ बंद असतो. इथे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमिनीवर शेवाळ धरतं, कुणी फिरकत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. ज्यांनी अशा संस्थांत काम केलंय त्यांनी पद घेण्याआधी काय बघितलं? सह्या म्हणजे नक्की कशावर? आणि मला सचिव करतायत ते काम करायला, की यादीत एका बाईचं नाव असावं म्हणून, हे ओळखायचं कसं?

---

जुनी_खतावणी (चिपळूण)

ताई, मी आमच्या क्रीडा मंडळाचा बरीच वर्षं खजिनदार होतो. माझ्यापुरतं, म्हणजे पैशाचं सांगतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

हो म्हणण्याआधी बँकेचं पासबुक बघायला मागा. बॅलन्स किती आहे ते नंतर. खातं कुणाच्या सहीने चालतं ते आधी बघा. आपल्याकडे बऱ्याच मंडळांत तीन सह्यांपैकी एक जण वारलेला असतो, एक मुलाकडे ठाण्याला गेलेला असतो आणि तिसऱ्याच्या सहीने गाडा चाललेला असतो. बँकेने केवायसी मागितली की खातं गोठतं. मग पत्रे बदलायला पैसे असून काढता येत नाहीत. मुदत ठेवी असतील तर त्यांच्या पावत्या प्रत्यक्ष हातात घेऊन बघा. झेरॉक्स चालवून घेऊ नका. कधी कधी ठेव संस्थेच्या नावावर नसतेच, जुन्या एखाद्या भल्या माणसाच्या नावावर असते. त्याची नियत स्वच्छ असते, पण वारसांना काय माहीत?

दुसरं म्हणजे पावती पुस्तकं. नंबर सलग आहेत का, वापरलेल्या पुस्तकांच्या स्थळप्रती जपल्यात का. कोरी पुस्तकं कुणाकुणाच्या घरी आहेत ती सगळी गोळा करून कपाटात आणायची, हे नव्या सचिवाने पहिल्याच आठवड्यात करायचं काम.

तिसरं, क्यूआर कोड. मे महिन्यातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत पोरं स्वतःच्या मोबाइल नंबरचा क्यूआर लावतात. पोरं प्रामाणिक असतात, राबतातही. पण जिमखान्याच्या नावाने आलेले पैसे एखाद्या मुलाच्या खात्यावर पडले की तो मुलगा अडचणीत येतो आणि संस्थाही. बँकेत जाऊन संस्थेच्या खात्याचाच क्यूआर करून घ्या. स्पर्धेची प्रवेश फी, बक्षिसं, मंडप, स्पीकर, सगळं संस्थेच्या कीर्दीत आलं पाहिजे. स्पर्धेचा हिशेब वेगळा ठेवतो म्हणाले तर ऐकू नका.

मुंबईकर देणगी देताना ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, विचारतात. संस्थेकडे ते असेल तर मुदत बघा, कारण २०२१ नंतर कायमची नोंदणी राहिलेली नाही, ठरावीक वर्षांची असते. आणि दोन हजारांवरची रोख देणगी ८०जीला चालत नाही. हे गणपतीत पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, नंतर तोच देणगीदार रागावतो.

विजेचा मीटर कुणाच्या नावावर आहे तेही बघा. हॉल पावसाळ्यात बंद असला तरी स्थिर आकार दर महिन्याला येतोच. थकला आणि लाइन तोडली तर मुलींच्या दिव्यांचं राहिलंच.

---

तिखट_सोलकढी (वेंगुर्ला)

बाय, तू पद घे. माका वाटता तुझ्यासारख्या बायेनच घेवक् व्हया.

आमच्या हय पण तसाच होता. चेडवांका खेळूक कोर्ट नाय आणि बापये रात्री धा वाजापर्यंत कॅरम कुटीत बसलेले. आमच्या वाडीतल्या एका मावशेन कडी सोताच्या पैशान आणून लायली, सुताराक बोलावन. कोणाक इचारूक गेली नाय. दुसऱ्या दिसापासून चेडवां येवक् लागली. म्हणान सांगतंय, कडयेक ठराव लागना नाय. तां काम पद घेवच्या आदीच करून टाक, मे म्हयन्याची वाट बघू नको. टायमाचो विषय मात्र सभेतच सुटतलो, थंय सगळे बापये बसलेले आसतत. तेंच्या तोंडार बोल.

---

नववा_होल (गुहागर)

ताई, माझा अनुभव थोडा लांबचा आहे, पण उपयोगी पडावा. नोकरीत असताना मुंबईत गोल्फ खेळायचो. तिथल्या क्लबात आधी स्पर्धा उपसमितीत आणि नंतर मैदानाच्या समितीत काम केलं. निवृत्तीनंतर गुहागरला आलो. गोल्फ म्हटलं की श्रीमंती डोळ्यांपुढे येते. क्लबात पगारी मॅनेजर असतो, माळी असतात, हे खरं. पण काय करायचं ते ठरवतात सभासद, तेही आपला वेळ देऊन. कॅप्टन, मैदान, स्पर्धा, हँडिकॅप अशा समित्या असतात आणि माणसं मिळायची अडचण तिथेही तुमच्यासारखीच.

मैदानाच्या समितीतली एक गोष्ट सांगतो. होलभोवतीचा भाग असतो त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात. ते किती कापावं याबद्दल प्रत्येक सभासदाला ठाम मत. सकाळी खेळायला आलेला एक जण माळ्याला सांगायचा मशीन खाली घे, तासाने दुसरा सांगायचा गवत जळेल, वर घे. पावसाळ्यात तर विचारू नका. शेवटी समितीने लेखी ठरवलं की माळ्याला सूचना देणारा माणूस एकच. बाकीच्यांनी, अध्यक्षांनीसुद्धा, त्याच्याकडे बोलायचं. त्यानंतर मैदान सुधारलं आणि माळ्याची झोपही. तुमच्या हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते, झाडलोट जो करतो, त्याला आज किती जण हुकूम सोडतात ते बघा. पद घेतलंत तर हे पहिल्या सभेत ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. कच्च्या आणि पक्क्या खेळाडूंना एकत्र खेळता यावं म्हणून प्रत्येकाला हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची सवलत, असतो. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ धरून सरासरी काढतात, आणि कमाल मर्यादा ५४. हिशेब संगणक करतो. पण सवलत जास्त मिळावी म्हणून एखादा चांगल्या फेऱ्यांची गुणांची कार्डं भरतच नसेल तर ते माणसांनाच बघावं लागतं, आणि तो एखादा बहुतेक वेळा समितीतल्या कुणाचा तरी दोस्त असतो. आमच्याकडे प्रथा होती की आपल्याबरोबर रोज खेळणाऱ्या चौघांपैकी कुणाचा विषय निघाला की त्या समिती सदस्याने उठून बाहेर बसायचं. निर्णय काहीही होवो, बोट दाखवायला जागा राहत नसे. म्हणून मी म्हणेन की मुलींच्या वेळेचा ठराव तुम्ही मांडू नका. तुमची मुलगी खेळते. दुसऱ्या एखाद्या आईला किंवा शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना मांडू द्या.

आणि एक. पहिल्याच फटक्यात सचिव होऊ नका असं माझं मत आहे. एखादी उपसमिती मागा. मे महिन्यातल्या स्पर्धेची म्हणत नाही, तेव्हा तुमचा धंदा आहे. पावसाळ्यातली हॉलची देखभाल मागा. पत्र्यांचे हुक आणि वॉशर, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खांब, पन्हळी, शेवाळ. तुम्हाला वेळ तेव्हाच आहे आणि तेव्हा ते काम करायला दुसरं कुणी नाही. वर्षभरात सगळे तुम्हाला कामाने ओळखतील.

---

समुद्रकाठ (दापोली तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार.

वेंगुर्ल्याच्या ताई, कडी काल लावली. सुताराने मजुरी घेतली नाही, त्याची पुतणी खेळायला येते.

नववा_होल, एका माणसाने सूचना द्यायची हे मला फार पटलं. आमच्याकडे हॉल झाडणाऱ्या मावशींना खरंच सगळे ओरडतात. पण ठराव दुसऱ्याने मांडावा हे पटलं नाही. माझी मुलगी खेळते म्हणूनच तर मला हे दिसलं. मी सभेत उभी राहून आधी तेच सांगीन आणि मग ठराव मांडीन. मतदानाला हात वर करणार नाही, तेवढं तुमचं मान्य. मोठी माणसं सहा ते नऊ खेळतात तेव्हा ती वेळ त्यांनी स्वतःच ठरवलेली असते, त्यांना कुणी बाहेर बसवलं नव्हतं.

आता नवी गोष्ट. पासबुक आणि कागद बघायचे आहेत असं मी सचिवकाकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "बघ बाई, माझ्याही मनावरचं ओझं आहे." त्यांनी सांगितलं की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शेवटचा चेंज रिपोर्ट (कार्यकारिणी बदलल्याचा अहवाल) बऱ्याच वर्षांपूर्वी दिला होता, तो मंजूर झाला की नाही ते त्यांना आठवत नाही. त्यानंतर दोनदा कार्यकारिणी बदलली, त्याचं काहीच केलेलं नाही. मधल्या काळात तिघे वारले. याचा अर्थ काय? मी सचिव झाले तर कागदावर कोण सचिव?

---

कार्यवाह_रत्नागिरी

वहिनी, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मीही बाईच आहे, आणि एका जुन्या संस्थेचं दप्तर सरळ करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आपल्या राज्यात अशा संस्थेला बहुधा दोन नोंदणी क्रमांक असतात. एक १८६० च्या सोसायटी कायद्याखालचा, आणि दुसरा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचा, जो 'एफ'ने सुरू होतो. पाटीवर कुठला रंगवलाय ते बघा, दुसरा कपाटात शोधा. धर्मादाय कार्यालयात प्रत्येक संस्थेचं एक पान असतं, त्याला परिशिष्ट १ म्हणतात. संस्थेचे विश्वस्त कोण, जागा कुठली, मालमत्ता काय, हे सगळं त्या पानावर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत या १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यायचा. तो मंजूर झाला की पानावरची नावं बदलतात. मंजूर झाला नाही तर गावाने कुणालाही हार घातला तरी पानावर जुनीच नावं राहतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. आज कागदावर बहुधा जुनीच कार्यकारिणी आहे, आणि त्यातले तिघे हयात नाहीत. बँक, अनुदान, जागेचा व्यवहार, सगळीकडे त्या पानाची नक्कल मागतात.

मधला एक रिपोर्ट अडला की पुढचे सगळे अडतात. कारण नव्या कार्यकारिणीला निवडून देणारी सभा बोलावली कुणी, तर आधीच्या कार्यकारिणीने, आणि तिचीच नोंद झालेली नसते. म्हणून सगळे बदल एकेक करून, जुन्यापासून क्रमाने सरळ करावे लागतात. प्रत्येक बदलासाठी सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं, बाहेर पडलेल्यांचे राजीनामे आणि गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले लागतात. उशीर झाला म्हणून कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज. हे काम रखडतं ते प्रामुख्याने इतिवृत्ताच्या वह्या न सापडल्याने. गाठ सुटतच नसेल तर कलम ५०अ खाली योजना (संस्थेचा कारभार कसा चालावा याची धर्मादाय कार्यालयाने ठरवून दिलेली चौकट) मागण्याची वाट आहे, पण तो वकिलाचा विषय आणि वेळखाऊ.

घाबरू नका. आधी रत्नागिरीच्या कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट १ ची प्रमाणित नक्कल घ्या आणि शेवटच्या रिपोर्टचं काय झालं ते विचारा. सचिवकाकांची सही घेऊन अर्ज करा, ते हयात आहेत हे तुमचं मोठं भाग्य आहे. त्यांना जे आठवतंय ते आत्ताच लिहून काढा. कुठली सभा कधी झाली, कोण हजर होतं, वही कुणाकडे असू शकेल. त्यांच्या शेजारी बसा आणि तुम्ही लिहा, त्यांच्या डोळ्यांना त्रास नको. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

सातबारा काढा. हॉल कुणाच्या जमिनीवर आहे? कुणा गावकऱ्याने तोंडी दिलेली जागा असेल तर त्याची तिसरी पिढी कधीतरी मोजणी आणणारच. जागा संस्थेच्या नावावर असेल तर ती परिशिष्ट १ वरही चढलेली हवी. आपल्या किनारपट्टीवर जमिनीचे भाव कुठे गेलेत ते होमस्टे चालवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगणार. विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६. पण ती कागदावर संस्थेची आहे हे आधी दाखवता यायला हवं.

नववा_होल म्हणतात आधी उपसमिती घ्या. एरवी मीही तेच म्हटलं असतं, पण तुमच्या बाबतीत नाही. उपसमितीला कपाटाची किल्ली मिळत नाही. माझं म्हणणं असं की या वर्षी सहसचिव व्हा, सचिवकाकांना पदावर राहू द्या आणि दप्तर तुमच्या ताब्यात देण्याचा ठराव करून घ्या. तुमचं नाव कशासाठी हवंय ते ओळखायची खूणही तीच. कामं आणि अधिकार लिहिलेला ठराव त्यांच्यापुढे ठेवा. मान्य केला तर काम हवंय. "अहो वहिनी, लिहायचं कशाला, आपलंच आहे" असं म्हणाले तर नाव हवंय. ठराव साधारण असा लिहा:

"असे ठरविण्यात येते की, संस्थेचे सर्व दप्तर, शिक्के, पावती पुस्तके व कपाटाच्या किल्ल्या यादी करून सहसचिवांच्या ताब्यात देण्यात याव्यात, प्रलंबित बदल अहवालांबाबत धर्मादाय कार्यालयाशी पत्रव्यवहार व पाठपुरावा करण्याचा अधिकार त्यांस देण्यात येत आहे, तसेच हॉलच्या देखभालीबाबत कर्मचाऱ्यांस सूचना देण्याचे काम यापुढे त्यांच्याकडेच राहील. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर."

शिक्के विसरू नका. शिक्का कुणाच्या तरी दुकानात पडलेला असतो.

मेच्या सभेबद्दल एक. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिटला सहा महिने असतात. मेमध्ये सभा घेतली की ऑडिट झालेला ताळेबंद सभेपुढे येतच नाही, आदल्या वर्षीचाच येतो, किंवा कच्चे आकडे वाचून टाळ्या पडतात. चाकरमानी गणपतीलाही येतात, आणि मेपेक्षा जास्त येतात. तोवर ऑडिट होऊ शकतं आणि तुमच्या होमस्टेचा हंगामही नसतो. घटनेत सभेचा महिना काय लिहिलाय ते बघा. घटनेची प्रत मिळाली नाही तर तीही कार्यालयातून नक्कल घ्या. घटनेत मे असं लिहिलेलं नसेल तर वार्षिक सभा गौरी-विसर्जनानंतरच्या दिवसांत ठेवा असं सुचवा. मुंबईकर विरोध करणार नाहीत, मेमध्ये त्यांच्या घरी लग्नं असतात.

---

जुनी_खतावणी (चिपळूण)

गणपतीत सभा हे उत्तम. फक्त ऑडिटरला कागद जूनच्या आत द्या. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्याकडे सगळ्या जिल्ह्याच्या फायली असतात.

---

समुद्रकाठ (दापोली तालुका)

काल दुपारी कपाट उघडलं. सचिवकाका, मी आणि माझी मुलगी. तिने प्रत्येक वहीचे फोटो काढले.

घटना सापडली. वार्षिक सभेचा महिना लिहिलेला नाही, "हिशेब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत" एवढंच आहे. म्हणजे गणपतीची सभा बसते, ऑडिट आधी उरकलं म्हणजे झालं. बक्षीसपत्राची नक्कलही सापडली, हॉलची जागा संस्थेचीच आहे, सातबारा मात्र काढायचा आहे. मधल्या एका कार्यकारिणीच्या इतिवृत्ताची वही नाही. ती तेव्हाच्या सहसचिवांकडे असावी असं काका म्हणतात. ते आता डोंबिवलीला असतात, आज रात्री फोन करणार आहे.

अध्यक्षांना ठरावाचा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला सांगितला. मग म्हणाले, सहसचिव चालेल, दप्तराचं कलम ठेवा, कर्मचाऱ्यांना सूचनांचं मात्र सभेत विचारू. मी म्हटलं, विचारा, पण मसुद्यातून गाळायचं नाही. ते हो म्हणाले. मुलींच्या वेळेचा ठराव वेगळा दिला आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार सहा ते साडेसात. सूचक मी. अनुमोदक म्हणून मोठ्यांच्या बॅचमध्ये रोज खेळणाऱ्या एका गृहस्थांनी आपणहून सही केली.

कार्यवाहताई, एक शंका. दोन जुन्या सभांच्या नोटिसांबरोबर पोस्टाचे शिक्के मारलेल्या याद्या टाचलेल्या आहेत, काका त्याला यूपीसी म्हणतात, म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला. पोचल्याचा पुरावा म्हणून त्या जोडू का? आणि आता नव्या सभेच्या नोटिसा कशा पाठवायच्या?

---

कार्यवाह_रत्नागिरी

जोडा, मूळ याद्या जपून ठेवा आणि अर्जाला झेरॉक्स लावा. ती सोय डाक खात्याने २०११ मध्ये बंद केली, पण तुमच्या सभा त्याआधीच्या असतील तर त्या काळात तोच रिवाज होता. आता गावातल्या सभासदांना हातपोच द्या आणि यादीवर तारखेसह सही घ्या. मुंबईकरांना स्पीड पोस्ट करा आणि पावत्या त्याच यादीच्या मागे चिकटवा. ग्रुपवर मेसेज टाकाच, पण केवळ त्यावर विसंबू नका, घटनेत तसं लिहिलेलं नसणार. गणपतीत सभा घेणार असाल तर नोटिशीचे दिवस घटनेत बघून उलटे मोजा. आणि नोटिशीच्या विषयपत्रिकेत मुलींच्या वेळेचा ठराव स्वतंत्र क्रमांकाने छापा. 'आयत्या वेळचे विषय' यात जाऊ देऊ नका.